सरस कशाचा?

यंदा मोहरमचे ताबूत ऐन उन्हाळ्यात आले. मोहल्ल्याकडून ताशाचा आवाज येतो तो कोरडा, खणखणीत, तापल्या तव्यावर वाटाणे ओतावेत तसा. माळ्यावर पेंढ्यात आंबे घातलेत, त्यांचा वास पार ओटीपर्यंत येतो. मी कामाला बसतो, रंधा हातात घेतो, आणि ताशा सुरू झाला की हात थांबतो. मग मला दुसराच ताशा ऐकू येऊ लागतो. ओला, बसका, घडोघडी जाळावर शेकून ताणून घ्यावा लागणारा. त्या वर्षी ताबूत आषाढात होते.

मुसलमानांचे महिने ऋतूंमधून फिरतात. आपल्यासारखा अधिक मास घालून ते त्यांना एका जागी बांधून ठेवत नाहीत. त्यामुळे माझ्या आयुष्यात ताबूत थंडीतही आले, भातकापणीतही आले, चिखलातही आले. देवाधर्माच्या बाबतीत मी आता पक्का संशयी माणूस झालो आहे. कोणी धर्माचं नाव काढलं की मी आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, मग त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. पण सगळे ऋतू सारखे भोगणारा हा सण मला अजून बरा वाटतो. एकच ऋतू आपल्या मालकीचा आहे असं तरी तो म्हणत नाही.

माझं नाव फकीरा. जातीने सुतार, राहणार कल्याण. हिंदूच्या घरात हे नाव कसं, असं हल्लीचे लोक विचारतात. पूर्वी कुणी विचारत नसे, कारण पूर्वी गल्लोगल्ली एखादा फकीरा असायचाच. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. तेव्हा आईने ताबुताला नवस केला, की हा जगला तर तुझा फकीर करीन. मी जगलो. मग दर मोहरमला माझ्या मनगटात हिरवा दोरा, गळ्यात झोळी, आणि शेवटच्या दिवशी ताबुताला खांदा. एवढं केलं की वर्षभर मी पुन्हा आमच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा. ह्यात काही विसंगत आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. वडील मोहल्ल्याच्या ताबुताचा बांबू-लाकडाचा घुमटदार सांगाडा करायचे, त्यांच्यामागे मी करू लागलो. मोहल्ल्यातले हसनचाचा हे वडिलांचे दोस्त. गलबतावर मीठ आणि कौलं वाहायचा त्यांचा धंदा, आणि ताबुताची सगळी जबाबदारी त्यांच्या घराण्याकडे. सांगाडा तयार झाला की ते येऊन घुमटावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "वाजतोय बरा. तुझ्या बापाचा याहून बरा वाजायचा." हीच त्यांची शाबासकी.

आमचा धर्म कोणता ते आम्हाला पहिल्यांदा सरकारने विचारलं. माणसं मोजायला आलेला खानेसुमारीचा कारकून ओटीवर बसला आणि आईला म्हणाला, "धर्म?"

आई म्हणाली, "सुतार."

"ती जात झाली, बाई. धर्म सांगा."

"देवाधर्माचं सगळं करतो आम्ही," आई म्हणाली. "काही राहिलंय का?"

त्याने सुस्कारा टाकला आणि हिंदू असं लिहून घेतलं. त्या दिवशी मला हसू आलं होतं. आता वाटतं, साहेब तर म्हणतो आम्ही कुणाच्या धर्मात पडत नाही. पडायचं नाही, तर घरोघर माणूस पाठवून विचारायचं कशाला? ज्याला मोजायचं नसतं त्याला वेगवेगळे ढीग करावे लागत नाहीत. आणि एकदा ढीग झाले की कुठला मोठा, कुठला लहान, हे बघायला माणसं आपोआप येतात.

त्या आषाढाच्या आदल्या पावसाळ्यात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. कल्याणला त्याची बातमी आगगाडीने आली, आणि बातमीबरोबर माणसंही आली. आमच्या आळीतले वामनराव वकील, त्यांच्या भावाचं दुकान फुटलं होतं. तो भाऊ वकिलांच्या पडवीत बसून राहायचा आणि रस्त्यात भांडं पडलं तरी दचकून उभा राहायचा. हसनचाचांचा जावई गिरणीत होता. तो एका डोळ्याला पट्टी बांधून आला आणि तो डोळा पुढे गेलाच. मी दोघांनाही पाहून आलो. दोघांनीही जवळजवळ एकच हकीकत सांगितली. फक्त पहिला दगड कुणी मारला एवढंच वेगळं होतं.

त्यानंतर वर्षभर गावात काही झालं नाही. पण माणसं बोलताना मध्येच थांबू लागली. दाणेबाजारात मी गेलो की दोघं बोलायचे ते तिघं व्हायचे आणि विषय बदलायचा. मोहल्ल्यात गेलो तरी तेच. पावसाळी हवेत लाकूड फुगतं तेव्हा दार आधी नुसतं घासतं, मग एक दिवस लागतच नाही. तसं गाव त्या दिवसांत घासत होतं.

ज्येष्ठ संपता संपता देवळात सभा झाली. वामनराव बोलले. ते वाईट बोलले नाहीत. वाईट बोलणारा माणूस परवडतो, त्याला ओळखता येतं. ते शांतपणे, मुद्देसूद बोलले, की परक्यांचे उत्सव डोक्यावर घेऊन नाचताना आपले उत्सव घराच्या कोनाड्यात राहिले. यंदापासून हिंदूंनी ताबुताला जाऊ नये, वाद्य देऊ नये, खांदा देऊ नये. भाद्रपदात आपण मोठा गणपती चौकात बसवू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण चौकात गणपती बसवण्यात वाईट काय आहे हे मला समजेना.

दुसऱ्या दिवशी वामनराव माझ्या कारखान्यात आले. सांगाड्याच्या कामट्या तासून भिंतीला लावलेल्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत असं दाखवलं.

"फकीरा, चौकातल्या गणपतीला मखर तुझ्याकडूनच हवं," ते म्हणाले.

"करीन की, रावसाहेब."

"आणि हे," त्यांनी कामट्यांकडे न बघताच हात केला, "हे काम परत दे."

"ते नवसाचं काम आहे. आईला विचारावं लागेल."

"आईंना मी समजावीन. आणि तुझं हे नाव. चांगलं गणपत घे, विठ्ठल घे. नावापासून सुरुवात करावी माणसाने."

जाता जाता त्यांची नजर शेगडीवरच्या भांड्यावर गेली. त्यात लाकूड चिकटवायचा सरस कढत होता. सुताराच्या घरात तो वास कायम असतो, कुजकट, गोडसर, पावसाळ्यात तर भिंतींना चिकटून राहतो. ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "हा सरस कशाचा असतो रे?"

"मुंबईहून वड्या येतात, रावसाहेब. त्या भिजत घालायच्या आणि कढवायच्या."

"पण वड्या कशाच्या?"

"कातड्याहाडांच्या म्हणतात."

"कुठल्या जनावराच्या?"

इतकी वर्षं मी सरस वापरला, वडिलांनी वापरला, हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. मी म्हणालो, "माहीत नाही." ते "मखराला नुसते खिळे मार," एवढं दारातून सांगून गेले.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "वामनला सांग, तू जगत नव्हतास तेव्हा मी सगळ्या देवांना विचारून आले. कोण ऐकलं ते मला ठाऊक आहे. नाव बदलायचं तर त्याला विचारून बदलेन, वकिलाला नाही."

"लोक काय म्हणतील, आये?"

"लोकांनी नवस केला होता का तुझ्यासाठी?"

आईच्या बोलण्याला उत्तर नसतं, पण बाजारात ते चालत नाही. मी सांगाडा बांधत राहिलो, आणि दार अर्धवट ओढून बांधत राहिलो. त्या वर्षीच्या कामाची माझ्या मनात राहिलेली चव ही आहे. ओल्या बांबूचा हिरवट वास, कौलांवरून ओघळणारं पाणी, बेगडाच्या चकाकत्या पट्ट्या, आणि रस्त्यावर कुणाचं पाऊल वाजलं की आपोआप थांबणारा हात. मी काही चोरत नव्हतो. तरी चोरासारखं काम केलं.

आणि मग हसनचाचा आले. भिजलेली टोपी पिळत दारातच उभे राहिले. पूर्वी ते थेट आत येऊन फळीवर बसायचे.

"फकीरा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा की, चाचा."

"मोहल्ल्यात नवीन मौलवी आलेत. मोठ्या मदरशात शिकलेत. ते म्हणतात, ताबूत हेच मुळात धर्मात बसत नाही. लाकडाकागदाला सलाम करणं चूक आहे. त्यातून बनवणारा हिंदू, खांदा देणारा हिंदू. म्हटलं, जुनी रीत आहे. तर म्हणतात, जुनी आहे म्हणून तर मोडायची." ते थोडे घुटमळले. "पोरं त्यांचं ऐकतात. जावयाचा डोळा गेल्यापासून जास्तच ऐकतात. ते विचारत होते, सुतार सरस कशाचा वापरतो?"

मला आधी हसू फुटलं. मग हसू थांबलं. कारण चाचा हसत नव्हते. वामनरावांना एका जनावराची भीती होती, मौलवींना दुसऱ्याची. दोघांनीही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि दोघंही माझ्या शेगडीवरच्या एकाच भांड्याशी येऊन पोचले होते. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र पुरतं एकमत होतं, ती म्हणजे ताबुताच्या जवळ फकीरा सुतार नसावा.

"माहीत नाही, चाचा," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल तर सांगाडा इथेच ठेवतो."

त्यांनी घुमटावर टिचकी मारली नाही. टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "तुझ्या आईचा नवस आहे. मी आहे तोवर ने. माझ्यानंतरचं माझ्यानंतर."

मोठमोठ्या धर्मांविषयी माझ्यासारख्याने बोलावं असं नाही. पण मला वाटतं ते सांगतो. दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलताना प्रत्येक माणूस फार चिकित्सक असतो. पाद्री आमच्या देवांच्या सगळ्या खोड्या सांगतो आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. आमचे शास्त्री पाद्र्याच्या चमत्कारांना हसतात, तेही बरोबर हसतात. मौलवी दोघांना हसतो. एकेकाचं ऐकावं तर प्रत्येकजण शहाणा. फक्त स्वतःच्या दारापाशी आला की हा शहाणपणा चपलेबरोबर बाहेर राहतो. म्हणून मला धर्मापेक्षा त्याची बाजू मांडायला परगावाहून आलेल्या माणसाचा जास्त संशय येतो. तो बोलून पुढच्या गावाला जातो. आम्हाला त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं.

ताबूत मोहल्ल्यात बसले. आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी गावात अफवा उठली. कुठून उठली ते आजवर कळलं नाही, आणि आपल्याला कळलं असं जो सांगतो त्याचा मला संशय येतो. हिंदूंच्या आळीत म्हणत होते, ताबुताच्या पोटात तलवारी आहेत, सुताराने चोरकप्पा केलाय. मोहल्ल्यात म्हणत होते, ताबुताच्या पोटात निषिद्ध मांस आहे, सुताराने आत चिकटवलंय. अफवेला घर एकच होतं. फक्त भाडेकरू वेगवेगळे.

दहाव्या दिवशी सकाळी फौजदार शिपाई घेऊन आला. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता, आणि चिखलातून वाफ निघाल्यासारखी हवा गदमदत होती. मोहल्ल्याच्या तोंडाशी एकीकडे आमचे लोक, एकीकडे त्यांचे, मध्ये ताबूत. वामनराव पुढे होते. मौलवी एका ओट्यावर उभे होते. ते फार तरुण होते आणि मला वाटलं, घाबरलेले होते. फौजदार म्हणाला, "उघडून दाखवा. काही नसेल तर पुढे जाऊ द्या."

हसनचाचा म्हणाले, "साहेब, त्याला दार नसतं. उघडायचं म्हणजे मोडायचं."

"मग मोडा."

कुणी हलेना. मोहल्ल्यातला माणूस हात लावायला तयार नाही, कारण पाप. आमच्यातला तयार नाही, कारण विटाळ. फौजदाराने विचारलं, "बांधला कुणी?" आणि सगळ्या गर्दीने एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

पटाशी आणि हातोडी आणायला मी घरी गेलो आणि परत आलो. तेवढ्या वाटेत माझ्याशी एक माणूस बोलला नाही. मी ताबुतापुढे बसलो. हसनचाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि मग हळूच म्हणाले, "सावकाश. तुझंच काम आहे."

आपण जोडलेला सांधा आपण फोडणं हे सुताराला किती जड जातं ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही. चांगला सांधा सहज सुटत नाही. मी बेगड सोलला, कागद फाडला, घुमट उतरवला. पटाशी सांध्यात घालून ठोकली की कडकन आवाज व्हायचा आणि दोन्हीकडची माणसं दचकायची. घुमट रिकामा निघाला. मधला मजला रिकामा निघाला. खालचा चौथरा उलटा केला, तोही रिकामा. आत होतं ते माझ्या हाताने लागलेला सरसाचा वाळका ओघळ आणि थोडा भुसा.

त्या वेळी मी वर पाहिलं. त्या आषाढातलं सगळं मी एक वेळ विसरेन, पण ती तोंडं विसरणार नाही. तलवारी नाहीत, मांस नाही, म्हणजे सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. लोकांची तोंडं उतरली. इकडचीही, तिकडचीही. कुणीतरी आपल्याला फसवलं असा भाव त्यांच्या तोंडावर होता, आणि फसवणारा जणू मीच, आत काहीतरी ठेवायला विसरलेला. माणसांना भीती वाटत होती हे खरं, पण ती भीती खरी निघावी असंही त्यांना वाटत होतं. तेव्हापासून मी गर्दीला भितो, मग ती कुठल्याही देवाची असो.

फौजदार म्हणाला, "ठीक आहे. जाऊ द्या," आणि निघाला. पण जायचं कसं? ताबूत उरलाच नव्हता. चिखलात कामट्यांचा आणि रंगीत कागदांचा ढीग होता. हसनचाचांचा एकडोळा जावई पुढे आला, त्याच्या मुठी आवळलेल्या. आमच्यातले दोघं-तिघं त्याला बघून पुढे सरकले.

तेवढ्यात आई आली. दरवर्षी शेवटच्या दिवशी ती मोहल्ल्याच्या पाणपोईत एक हंडा पाणी ओतायची, तेही नवसाचंच. डोक्यावर हंडा घेऊन ती गर्दीतून सरळ चालत आली, आणि हंडेवालीला वाट द्यायची सवय सगळ्यांना असते, म्हणून दोन्हीकडची माणसं बाजूला झाली. पाणी पाणपोईत ओतून ती ढिगापाशी आली. जराशी बघत राहिली. मग वाकून घुमटाची कामट्यांची जुडी उचलली आणि मला म्हणाली, "उचल."

"आये, तो मोडलाय."

"खांदा द्यायचा म्हणाले होते मी. धड असेल तरच द्यायचा असं नव्हते म्हणाले. उचल."

मी चौथरा खांद्यावर घेतला. दुसरं टोक लोंबत होतं. हसनचाचांनी ते धरलं. जावई एका जागी उभा होता, त्याला आई म्हणाली, "तू कागद गोळा कर बाबा, चिखलात पडलेत." आणि तो वाकला. खरंच वाकला. आम्ही खाडीकडे निघालो. ताशा वाजत नव्हता, कुणी रडत नव्हतं. मागून मोहल्ल्यातली माणसं आली. आमच्या आळीतलं कुणी आलं नाही, पण कुणी आडवंही आलं नाही. खाडीचं पाणी मातकट लाल, वरच्या गावांतून वाहून आलेला पाला त्यावर. आम्ही तुकडे सोडले. एरवी ताबूत डोलत डोलत बुडतो. हे तुकडे बुडाले नाहीत. वेगवेगळे होऊन वाहत गेले.

त्याच आठवड्यात वामनराव मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "रिकामा निघाला हे बरं झालं, फकीरा. पण दर वेळी रिकामाच निघेल असं धरून चालता येत नाही." त्यांच्या पडवीत भाऊ बसलेला मला दिसत होता. त्यांचं चूक होतं असं म्हणायला माझ्याकडे काय होतं? आणि बरोबर होतं असं म्हणायला जीभ वळेना.

पुढे कल्याणात काम मिळेना. मोहल्ल्यातून बोलावणं बंद झालं आणि आमच्या आळीतल्या लोकांना माझ्या हाताचा पाटसुद्धा नको झाला. मी श्रावणात ठाण्याला गेलो. तिथे एका ख्रिस्ती देवळात बाकं करायची होती. गोरा पाद्री मराठी बोलायचा ते छापील पुस्तकासारखं, एकही शब्द न गाळता. भला माणूस. मला हिवताप भरला तेव्हा त्याने स्वतः औषध आणून पाजलं. औषध देताना त्याने माझा धर्म विचारला नाही. ताप उतरल्यावर विचारला. "तुझ्या गावी दोन्ही अंधारांनी तुला ढकललं," तो म्हणाला, "आता उजेडाचा विचार कर." मी म्हणालो, "साहेब, बाकं पुरी होऊ देत." त्याने रागावून काम काढून घेतलं नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं. पण त्याच्या औषधाची आठवण झाली की त्या प्रश्नाचीही होते, आणि दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

त्या कामावर मुकादम होते आबाजी. आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणतात त्या बेने इस्राईल यहुद्यांपैकी. शनिवारी त्यांचा हात कामाला लागत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी सरसाच्या भांड्यात डोकावून विचारलं, "कशाचा रे?" मी कपाळावर हात मारला तेव्हा ते पोट धरून हसले. मग मी सगळी हकीकत सांगितली.

"तुमच्यात असं होत नाही ना?" मी विचारलं.

"आम्ही मूठभर," आबाजी म्हणाले. "मूठभर माणसं दुसऱ्याला भिऊन चांगली वागतात. आम्हाला चांगलं म्हणू नकोस एवढ्यात. आम्ही पुष्कळ झालो की बघ, मग सांग."

स्वतःच्या लोकांविषयी असा संशय बाळगणारा माणूस मला तेव्हा प्रथमच भेटला. धर्म खरा की खोटा हे मला कळत नाही, पण आबाजींच्या शेजारी माझं घर असतं तर मी दार उघडं टाकून झोपलो असतो.

भाद्रपदात मी परत आलो आणि चौकातलं मखर केलं. नुसते खिळे मारून. वामनरावांनी शब्द पाळला होता, काम मलाच ठेवलं होतं. गणपती सुरेख होता, गर्दी लोटली, आरत्या झाल्या. मग पोरांचा मेळा आला आणि ताबुताला जाणाऱ्या हिंदूंची टर उडवणारी पदं म्हणू लागला. लोक हसत होते. माझ्याकडे बघून हसत होते असं नाही, बहुतेकांना मी आठवतही नव्हतो. मी मखराच्या मागे उभा होतो, एक कोपरा सैल झाला होता तो ठोकत. मागून देवाची नुसती पाठ दिसते. आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो, कोनाड्यात बसतो, मोदक खातो आणि जातो. तो कुणावर चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. चौकातला चिडलेला होता की नाही ते मला त्या वेळी समोरून बघायला मिळालं नाही.

तेव्हापासून मोहल्ल्याचा ताबूत भिवंडीहून तयार होऊन येतो. हसनचाचा रस्त्यात भेटले की "काय फकीरशेट, बरं ना?" असं विचारायचे. पूर्वी ते मला हक्काने शिव्या द्यायचे. आईने नवसाचा दोरा घरातच बांधायला सुरुवात केली आणि पाण्याचा हंडा वेशीबाहेरच्या धर्मशाळेत ओतू लागली. आम्ही कुणी भांडलो नाही. भांडण झालं असतं तर एखाद दिवशी मिटलंही असतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग यंदा, थंडी सरत आली होती तेव्हा, एका सकाळी हसनचाचा ओटीवर येऊन उभे राहिले. पांढरे स्वच्छ कपडे, दाढी पार पांढरी. मक्केला निघाले होते. मुंबईहून बोट होती. जाण्यापूर्वी ओळखीच्या सगळ्यांची माफी मागायची असा त्यांच्यात रिवाज आहे, कारण त्या प्रवासातून परत येईलच असं कुणी धरत नाही.

"काही बोललो असेन, काही करायचं राहिलं असेल, तर माफ कर," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी ते माझ्या दारात होते आणि माझ्या मनात पहिला आला तो संशयच. मी बोलूनही गेलो, "चाचा, हे रिवाज म्हणून विचारता, की मनातून?"

त्यांना राग येईल असं वाटलं. पण ते फळीवर बसले, पूर्वी बसायचे तसे, आणि म्हणाले, "मनात तर केव्हाचं होतं रे. रिवाज नसता तर यायचं धाडस झालं नसतं."

मी म्हणालो, "माफ केलं, चाचा. तुम्हीही मला करा." ते म्हणाले, "केलं." एवढ्यात आई भिंतीला धरत धरत आतून आली. तिला आता नीट दिसत नाही, आवाजावरून माणूस ओळखते.

"हसन का?"

"होय, फकीराची आई. मक्केला निघालोय. कहासुना माफ करा."

"नाही करणार," आई म्हणाली.

चाचा उठून उभे राहिले. मी आईकडे बघत राहिलो.

"माफ केलं की तू मोकळा होऊन तिकडेच राहशील," आई म्हणाली. "आधी परत ये. मग बघेन."

हसनचाचा किती तरी वेळ हसत होते, डोळे पुसत पुसत. मग ते गेले.

हज होऊन गेला. ताबूतही आले. बोटीची बातमी नाही. कुणी म्हणतं बोट वाटेत अडवून ठेवली आहे, कुणी म्हणतं बोटीवर आजार पसरला. मी कुणाचंच खरं धरत नाही. आई रोज सकाळी विचारते, "आला का रे तो?" मी नाही म्हणतो. ती म्हणते, "मग माफी नाही," आणि भिंतीला टेकून पुन्हा ताशाकडे कान लावून बसते.